कशापायी मारलं?

१

खेड्यात कुणी मेलं की पहिला सवाल येतो, कशापायी? आजारापायी, कर्जापायी, भाऊबंदकीपायी. आपल्या माणसाला गावानं मारलं की हाच सवाल फौजदार विचारतो, तालुक्याचा वकील विचारतो आणि शेवटी कोर्ट विचारतं. उत्तरंही ठरलेली आहेत. बांधापायी मारलं. गुरं शेतात शिरली त्यापायी. डीजेच्या आवाजापायी. जुन्या वैरापायी. आणि जातीपायी? छे छे साहेब, आमच्या गावात जातपात नाही, विचारा कुणालाही.

दोस्तांनो, आपल्यासाठी केलेले कायदे सहसा कुणी रद्द करत नाही. रद्द करायला गेलं तर बोभाटा होतो, मोर्चे निघतात. त्यापेक्षा सोपी वाट आहे. कायदा पुस्तकात तसाच ठेवायचा आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ एवढा आवळायचा की तो कायदा कुणाला लागूच होऊ नये. आपल्या अॅट्रॉसिटी कायद्यात तो शब्द होता ‘या कारणावरून’. म्हंजे आपल्या भाषेत ‘कशापायी’. या एका शब्दाचा इतिहास इथं मांडायचा आहे. तो सुरू होतो नांदेड-लातूरपासून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात.

अमेरिका कशाला, असं कुणी विचारील. आपला आणि तिथल्या काळ्या माणसाचा संबंध जुना आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं आणि निग्रो संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत पोरांनी दलित पँथर काढली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपण त्यांची मूठ घेतली, त्यांची कविता वाचली. त्यांच्या कोर्टाचे निकाल मात्र फारसे वाचले नाहीत. वाचायला पाहिजे होते. आपल्याकडं शंभर वर्षांनी जे झालं ते तिथं आधीच होऊन गेलं होतं.

२

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं. गुलामी गेली. मग घटनेत दुरुस्त्या झाल्या. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं काळ्या माणसाला नागरिक केलं, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं काळ्या पुरुषाला मत दिलं. गोऱ्यांच्या टोळ्या मत देऊ देईनात, घरं जाळू लागल्या, म्हणून त्याच १८७० साली केंद्रानं वेगळा कायदा केला. नागरिकाचा घटनेनं दिलेला हक्क हिसकावण्यासाठी दोघंचौघं एकत्र आले तर तो केंद्राचा गुन्हा. तोच त्यांचा अॅट्रॉसिटी कायदा समजा.

लुईझियानात कोलफॅक्स नावाचं गाव. तिथं १८७२ च्या निवडणुकीचा वाद पेटला. काळ्या माणसांनी गावातली कोर्टाची इमारत ताब्यात ठेवली, कारण गोरे ती हिसकावणार आणि आपण निवडलेले अधिकारी हाकलणार हे त्यांना दिसत होतं. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. गोऱ्यांची फौज बंदुका आणि एक छोटी तोफ घेऊन आली. इमारतीला आग लावली. बाहेर पडले त्यांना गोळ्या घातल्या. जे शरण आले, त्यांना रात्री अंधारात नेऊन मारलं. काळे किती मेले याचा नक्की आकडा आजही नाही. साठाच्या वर तर नक्की, काहींच्या मते दीडशे. गोरे मेले तीन.

केंद्राच्या सरकारी वकिलानं सत्त्याण्णव जणांवर आरोप ठेवले. हाती लागले मोजके. नऊ जणांवर खटला चालला, तिघांना दोषी धरलं. तेही खुनाबद्दल नव्हे, कट करून हक्क हिसकावल्याबद्दल. त्यातल्या एकाचं नाव क्रुइकशँक. त्याच्याच नावानं हा निकाल ओळखला जातो.

अपील सुप्रीम कोर्टात गेलं. २७ मार्च १८७६ ला निकाल आला. कोर्टानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, घटना दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही. तुमच्या शेजाऱ्यानं तुम्हाला मारलं तर राज्याच्या कोर्टात जा. राज्याचं कोर्ट म्हंजे मारणाऱ्यांच्याच सोयऱ्यांचं. दुसरी गोष्ट आपल्या कामाची. मतदानाच्या आरोपांबद्दल कोर्ट म्हणालं, हे कृत्य वर्णामुळं केलं असं आरोपपत्रात म्हटलेलं नाही. या वैरामागं वर्ण असेल असा संशय आम्हाला येतो, पण तसं लिहिलेलं नाही.

पुन्हा वाचा. संशय येतो, पण लिहिलेलं नाही. एवढी काळी माणसं गोऱ्यांनी एका दिवसात मारली आणि कोर्ट विचारतंय, कशापायी?

तिघंही सुटले. खटला खालच्या पायरीवर असतानाच, १८७४ च्या जूनमध्ये, न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी हाच सूर लावला होता. दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, त्याच भागात कुशाटा गावी गोऱ्यांच्या संघटनेनं सहा गोरे रिपब्लिकन अधिकारी आणि काही काळी माणसं मारली. कोर्टाचा कागद गावात कसा पोचतो याचा हा दाखला. निकालाची इंग्रजी गावाला कळावी लागत नाही. काही होत नाही, एवढं कळलं की पुरतं.

कोलफॅक्समध्ये १९५० साली सरकारनं लावलेल्या पाटीवर लिहिलं होतं की ह्या ‘दंगली’नं दक्षिणेतली बाहेरच्यांची बेबंदशाही संपवली. ती पाटी २०२१ साली निघाली. सत्तर वर्षं शाळेची पोरं तीच पाटी वाचत मोठी झाली.

३

क्रुइकशँकनंतर घसरण लागली. १८७५ साली अमेरिकेत कायदा झाला होता की खानावळ, आगगाडी, नाटकगृह इथं काळ्याला मज्जाव करता येणार नाही. १८८३ साली सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक असा तो मोडीत काढला. निकाल लिहिला त्याच ब्रॅडली यांनी. त्यात त्यांनी असं म्हटलं की गुलामीतून सुटलेल्या माणसानं कधीतरी कायद्याचं खास लाडकं लेकरू राहणं सोडलं पाहिजे आणि साधा नागरिक व्हायला पाहिजे. गुलामी जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. ‘आणखी किती वर्षं सवलती?’ हा सवाल आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतो. तो किती जुना आहे ते बघा.

त्या आठांच्या विरोधात एकटे उभे राहिले न्यायमूर्ती हार्लन. ते स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातले. असं सांगतात की मतपत्र लिहिताना त्यांचा हात अडला, तेव्हा बायकोनं त्यांच्यापुढं एक जुनी दौत ठेवली. काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही असा १८५७ चा निकाल त्याच दौतीतल्या शाईनं लिहिला गेला होता. हार्लननी तीच दौत वापरून उलट लिहिलं. एक मत म्हंजे पराभवच. पण ते कागदावर राहिलं आणि पुढच्या वकिलांच्या कामाला आलं.

मग १८९८. लुईझियानानं नवी राज्यघटना केली. काळ्यांना मत नाही, असं तिच्यात कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलं एवढंच की वाचता-लिहिता आलं पाहिजे, नाहीतर मालमत्ता पाहिजे, आणि ज्याचा बाप किंवा आजा १८६७ पूर्वी मतदार होता त्याला ही अट नाही. १८६७ पूर्वी कुणाचा आजा मतदार होता? गोऱ्याचा. १८९६ साली त्या राज्यात काळे मतदार एक लाख तीस हजारांच्या वर होते. १९०४ साली उरले १,३४२.

त्या कागदात काळा हा शब्द शोधून दाखवा. नाही सापडणार. शहाणा माणूस कारण कधी लिहीत नसतो.

४

आता घरी येऊ.

अमेरिकेच्या घटनेतली एक फट आपल्या घटनेत नाही. आपलं कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं ते फक्त सरकारपुरतं नाही. गावच्या पाटलाला, हॉटेलवाल्याला, घरमालकालाही ते बांधतं. कलम १५ मध्ये विहिरी, दुकानं, रस्ते यांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून क्रुइकशँकची पहिली गोष्ट आपल्याकडं चालली नाही. दुसरी चालली.

आधी १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव पडलं. शिक्षा किरकोळ होती. पण त्यात एक मोलाचं कलम होतं आणि आजही आहे, कलम १२. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत त्या कायद्यातला गुन्हा घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असं कोर्टानं धरून चालायचं. तसं नव्हतं, हे आरोपीनं सिद्ध करायचं. म्हंजे ‘कशापायी’ याचं उत्तर मार खाणाऱ्यानं द्यायचं नाही, मारणाऱ्यानं द्यायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना जाळून मारलं. ते मातंग समाजाचे होते. सुगावचे जनार्दन मवाडे गेले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. तिकडच्याही वस्त्यांनी तेच भोगलं. घरं जळाली, दाणागोटा जळाला, गायरानातली उभी पिकं मोडली. विद्यापीठाच्या पाटीशी ज्वारीच्या कणसाचा काय संबंध? संबंध होता. कालपर्यंत सालगडी असलेल्याचं पोरगं कॉलेजात जातंय, बाप गायरान कसतोय, ही खरी पोटदुखी होती. पण गुन्हे नोंदवताना दंगल, जाळपोळ, खून एवढंच. दंड संहितेत ‘जात’ नावाचं कलम नव्हतं. नागरी हक्काच्या कायद्यात खून बसत नव्हता.

ही पोकळी भरायला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये पोटकलम (२)(पाच) आहे. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा कुणी बिगर दलित-आदिवासी माणसानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्ध, तो त्या जातीचा आहे ‘या कारणावरून’ केला, तर जन्मठेप. कागद भक्कम दिसत होता. पण १९५५ च्या कायद्यातलं कलम १२ चं गृहीतक या पोटकलमाला जोडलंच नाही. सवाल ठेवला, आणि उत्तराचं ओझं आपल्या डोक्यावर दिलं.

पुढं १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं आणि नांदेड-लातूरची कॉलेजं त्याच्याकडं गेली. ज्या जिल्ह्यांनी नावासाठी माणसं दिली, त्यांच्या पोरांच्या पदवीवर ते नाव राहिलं नाही. १९९५ ला सरकार बदललं. नव्या युती सरकारनं अॅट्रॉसिटीच्या अकराशेच्या वर केसेस खोट्या ठरवून मागं घ्यायचा निर्णय केला. कोर्टात साक्ष होण्याआधीच खोट्या. हा कारभाराचा निकाल होता. कोर्टाचे निकाल पुढं आले.

५

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावानं मारले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं. सहा फाशी, दोन जन्मठेप. पेपरांनी न्याय झाला म्हणून लिहिलं. पण अॅट्रॉसिटी लागली नाही. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली आणि हे जातीपायी नव्हे, सुडापायी घडलं हेच कायम ठेवलं. सूड कशाचा? आधीच्या एका मारहाणीच्या केसमध्ये त्या घरानं आरोपींची ओळख पटवली होती.

आता आपण सवाल करू. गावात उच्चवर्णीय माणसाविरुद्ध दुसऱ्या उच्चवर्णीयानं साक्ष दिली तर त्याच्या बायकोपोरांसह सगळं घर संपवायला सगळं गाव उठतं का? नाही उठत. भाऊबंदकी होते, काठ्या निघतात, कोर्टकचेरी चालते. सगळं गाव उठतं ते ‘ह्यांनी’ साक्ष दिली म्हणून. शेत कसतात, पोरगी शिकते, दबत नाहीत आणि वर पोलिसांपुढं बोट दाखवतात म्हणून. सूड खरा आहे. पण त्या सुडाला जी धार आली, ती जातीची. कोर्टानं सूड आणि जात अशी दोन भांडी वेगळी मांडली आणि सगळं एकाच भांड्यात ओतलं.

हे एका कोर्टाचं झालं नाही. त्याआधीपासूनच सुप्रीम कोर्टाच्या निकालांत ‘या कारणावरून’चा पुरावा नाही म्हणून हे पोटकलम काढून टाकलं जाऊ लागलं. २०१९ च्या खुमानसिंग निकालानं तर कळस केला. मध्य प्रदेशातली केस. गुरं शेतात शिरली यावरून वाद, त्यात जातीचं नाव घेऊन बोलणं आणि कुऱ्हाडीचा घाव. कोर्ट म्हणालं, ‘केवळ’ जातीच्या कारणावरून मारलं असा पुरावा नाही. कायद्यात ‘केवळ’ हा शब्द नव्हताच. तो निकालानं घातला. आणि ‘केवळ’ जातीपायी जगात कुणी कुणाला मारत नाही. जात हवेत तरंगत नसते. ती बांधात असते, विहिरीत असते, गुरांच्या चराईत असते, वरातीच्या घोड्यावर असते. या सगळ्यातून जात सोलून काढा आणि निखळ जात आमच्यापुढं आणा, असं म्हणणं म्हंजे दुधातून पांढरेपणा काढून आणा म्हणण्यासारखं आहे.

संसदेनं हे ओळखलं होतं. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ‘या कारणावरून’ काढलं. त्या जागी आलं की समोरचा अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘हे माहीत असताना’. कलम ८ मध्ये जोडलं की आरोपीला पीडित किंवा त्याचं घर ओळखीचं असेल, तर जात माहीत होती असं कोर्टानं धरायचं. साठ वर्षांपूर्वीच्या कलम १२ चं बीज थोडंसं परत आलं. खेड्यात कुणाची जात कुणाला माहीत नसते? वेशीवरून कुठल्या बाजूला वळलात यावरून कळते. पण ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ नंतरच्या गुन्ह्यांना. आधीच्या गुन्ह्यांना जुनाच शब्द. म्हणूनच २०१९ लाही जुन्या शब्दावर निकाल येत राहिले.

२०२१ साली एप्रिलमध्ये पटन जमाल वली केसमध्ये न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी ही ‘केवळ’ची चूक दाखवली. आंध्रातली अंध दलित मुलगी, तिच्यावर बलात्कार. बाई, दलित आणि अंध या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि जात हे अनेकांतलं एक कारण असलं तरी पुरे, असं त्यांनी लिहिलं. तरी त्या केसमध्ये अॅट्रॉसिटीची शिक्षा गेली. का? जातीचा पुरावा सरकार पक्षानं रेकॉर्डवर आणलाच नव्हता. विचार आपल्या बाजूनं आणि निकाल आपल्या विरुद्ध. फौजदारानं पहिल्या दिवशी जे लिहिलं नाही, ते सुप्रीम कोर्टही दहा वर्षांनी लिहू शकत नाही. कोलफॅक्सचं तेच झालं होतं.

६

मग २०१८. त्याआधी दोन वर्षं, २०१६ च्या सप्टेंबरात, नांदेडला आणि लातूरला लाखांचे मोर्चे निघाले होते. कोपर्डीच्या लेकीवरचा अत्याचार भयानक होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या मोर्चांच्या मागण्यांत अॅट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो, तो बदला ही मागणी जोडली गेली. ती हवा दिल्लीपर्यंत होती.

२० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सुभाष काशिनाथ महाजन निकाल दिला. केस महाराष्ट्रातलीच, कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून निघालेली. दोन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी होऊ शकेल, सरकारी नोकराला अटक करायला वरिष्ठाची आणि इतरांना अटक करायला पोलीस अधीक्षकाची परवानगी पाहिजे, अटकपूर्व जामीन मिळू शकेल. पुरावा म्हणून मोठ्या संख्येनं आरोपी सुटतात हे आकडे दिले. सुटले, म्हंजे केस खोटी.

इथं थांबून विचार करा. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला दिवसाढवळ्या मारलं. २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. पोरगं खोटं मेलं होतं का? साक्षीदार का फिरतो? त्याचं दुकान त्याच गावात, त्याचं किराणाचं खातं त्याच गावात, पोरांची शाळा त्याच गावात. २०१८ च्या मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यात रुद्रवाडीच्या मातंग कुटुंबांनी लग्नात मारुतीच्या देवळावरून हाणामारी झाल्यावर गाव सोडलं. गाव सोडलेला माणूस साक्षीच्या तारखेला कुठून येणार आणि कुणाच्या जिवावर?

२ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला. पुढाऱ्यांनी नाही, पोरांनी केला. उत्तरेत आपली माणसं गोळीबारात गेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ घातलं. आधी चौकशी नको, अटकेला परवानगी नको. १ ऑक्टोबर २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१८ चे ते आदेश मागं घेतले आणि म्हटलं, खोटी फिर्याद हा माणसाचा दोष असतो, जातीचा नव्हे. १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ कायम झालं. क्रुइकशँक निकालानंतर काळ्या माणसाला वाट बघावी लागली जवळजवळ नव्वद वर्षं. आपल्याला दोन वर्षंही लागली नाहीत. फरक रस्त्यानं केला.

रस्ता आणि कोर्ट यांचं नातं अमेरिकेतही असंच आहे. १७ मे १९५४ ला ब्राऊन निकालानं वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पुढच्याच वर्षी कोर्ट म्हणालं, बेतानं पण लवकर करा. दक्षिणेनं फक्त ‘बेतानं’ ऐकलं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यानं काळी पोरं नकोत म्हणून १९५९ पासून पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. दहा वर्षांनी दक्षिणेत शंभरातली जेमतेम एक-दोन काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, भेद करणाऱ्या शाळेचा पैसा तोडायची तरतूद झाली, तेव्हा दारं उघडली. आणि तो कायदा आला बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर पोरांनी पाण्याचे फवारे आणि कुत्रे अंगावर घेतले म्हणून.

पण ‘कशापायी’ तिथंही मेलं नाही. १९८७ साली मॅक्लेस्की केस झाली. गोऱ्याचा खून झाला तर फाशीची शक्यता चौपटीहून जास्त, असा जॉर्जिया राज्याचा अभ्यास कोर्टापुढं ठेवला. कोर्ट पाच विरुद्ध चारनं म्हणालं, आकडे असतील, पण तुझ्याच केसमध्ये वर्णापायी फाशी दिली हे दाखव. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाल्यावर म्हणाले, एखादं मत बदलता आलं तर हे बदलीन. पण मॅक्लेस्की विजेच्या खुर्चीत बसवला जायचा राहिला नाही, १९९१ लाच संपला.

७

मग आपण करायचं काय? भाषण करायचंच, पण त्याआधी ठाण्यात जायचं. पहिल्या दिवशीचा कागद नीट झाला पाहिजे.

फिर्यादीत दोन्ही बाजूंच्या जाती लिहा. आरोपी आपल्याला किती वर्षांपासून आणि कसा ओळखतो ते लिहा, कलम ८ त्यावरच उभं आहे. जे शब्द बोलले गेले ते तसेच, शिवीसकट लिहून घ्या. लाज वाटून ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्यावर भागवू नका. आणि जे बोललं गेलं नाही ते एक अक्षरही वाढवू नका. एक वाढवलेला शब्द उलटतपासणीत दहा खऱ्या शब्दांना घेऊन बुडतो. कोणी ऐकलं त्यांची नावं द्या. शिवीगाळीची कलमं चारचौघांदेखत घडली तरच लागतात, घराच्या चार भिंतींआड साक्षीदाराविना घडलं तर नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० ला हितेश वर्मा केसमध्ये सांगितलं आहे.

मागचा इतिहास लिहा. जयंतीची मिरवणूक कोणत्या साली अडवली, विहिरीवरून काय झालं, गायरानावर कोणी नांगर घातला. ‘जमिनीचा वाद’ असं ठाणे अंमलदार लिहू लागला तर जमीन कोणती, कोण कसत होतं आणि कुणाला ते खुपत होतं हेही लिहायला लावा. वाद बांधाचा असू द्या, बांधात जात कुठं आहे ते कागदावर आलं पाहिजे.

जातीचा दाखला तपासाच्या कागदांत गेला की नाही ते बघा. आपण ‘बौद्ध’ लिहितो आणि आरोपीचा वकील म्हणतो हे अनुसूचित जातीत नाहीत. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्ध झालेल्यांनाही ते स्थान आहे, पण दाखला रेकॉर्डवर लागतो. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं केला तर केस तिथंच लंगडी होते. साठ दिवसांत दोषारोपपत्र झालं पाहिजे. कलम १५-अ प्रमाणं जामिनाच्या अर्जाची नोटीस आपल्याला मिळाली पाहिजे आणि आपलं म्हणणं ऐकलं पाहिजे. ही नुसती रीत नव्हे, बंधन आहे, असं २०२१ च्या हरिराम भांभी निकालात आहे. कामात कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ४ आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला पाहिजे. तिचं इतिवृत्त मागा.

आणि साक्षीदाराला एकटं सोडू नका. त्याच्या तारखेला दहा पोरं कोर्टाच्या आवारात उभी असली की त्याचं तोंड वेगळं बोलतं. कोर्टातल्या अर्ध्या केसेस कायद्याच्या पुस्तकावर जात नाहीत, साक्षीदाराच्या घरच्या चुलीवर जातात. गावानं त्याचं काम बंद केलं तर त्याचं काम आपण बघायचं.

१ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाला मारलं. बाबासाहेबांची जयंती काढली त्याचा राग होता, अशी फिर्याद आहे. टेंभुर्णीनंतर पंचेचाळीस वर्षांनी. पोचिराम कांबळ्यांच्या वेळी ‘कशापायी’ लिहायला कायद्यात जागा नव्हती. आज आहे. ती जागा माणसं मेल्यावर, कोर्टात हरल्यावर, २ एप्रिलला रस्त्यावर उतरल्यावर मिळाली. उद्या कुणी तुम्हाला विचारलं कशापायी, तर उत्तर नुसतं तोंडात ठेवू नका. तारखेसकट, साक्षीदारासकट, फिर्यादीच्या पहिल्या पानावर लिहा.

जयभीम.